आधी तहान, मग खेळ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, २०१६ चा उन्हाळा आपण बुलढाण्याची माणसं विसरणार नाही. विहिरी आटल्या, गावोगाव टँकरची वाट पाहणं चालू. लातूर तर पार कोरडं पडलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे तिथं पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी कृष्णामाईचं, जिच्या काठी आपलं औदुंबर आणि नृसिंहवाडी आहे. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुढे १ मेचा पुण्याचा सामना तेवढा होऊ दिला. वानखेडेवर ठरलेला अंतिम सामना बेंगळुरूला झाला.

मी कॉमर्सचा, उभा जन्म बँकेत गेला. आधी आकडा मांडून बघतो. मैदानांना साठ लाख लिटर पाणी लागेल असा अंदाज तेव्हा चर्चेत होता. म्हणजे त्या गाडीच्या बारा खेपा. लातूर शहराची वस्ती चार लाख धरली, तर माणशी पंधरा लिटर. एक दिवसही धड निघणार नाही. शिवाय सामना हलला की मैदानाबाहेर वडापाव विकणाऱ्याचा रोज बुडतो. मग साधलं काय? हा प्रश्न खोटा नाही.

पण रक्कम लहान की मोठी हे नंतर बघायचं, आधी कोणाचं देणं पहिलं ते बघायचं. तहान हे पहिलं देणं. ते बाकी असताना हिरवळीवर पाणी मारलं, तर तहानलेल्याला कळतं की यादीत आपला नंबर खाली आहे. ही जखम लिटरात मोजता येत नाही.

२०१२ साली सँडी वादळानंतर न्यूयॉर्कला हेच झालं. घरं अंधारात, अन् मॅरेथॉनच्या तयारीला जनरेटर. लोक संतापले, तेव्हा दोन दिवस आधी शर्यत रद्द झाली.

मात्र नुसतं थांबवणं ही अर्धीच नोंद. सोहळा रद्द केला आणि पैसा मंडळाच्या खात्यात पडून राहिला, तर ती बचत झाली, त्याला सेवा म्हणता येणार नाही. जे सोडलं ते गरजवंताच्या दारी पोचलं पाहिजे, आणि ज्याचा रोज बुडाला त्याचीही सोय पाहिली पाहिजे.

नृसिंहवाडीला पूर चढतो तेव्हा देवाची उत्सवमूर्ती वर हलवतात. पूजा मोडत नाही, फक्त जागा बदलते. प्रत्यक्ष दत्तप्रभू पाण्याला वाट देतात, तिथं आपल्या मांडवाचा काय हट्ट? अवधूतांच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी. तिची झाडं, तिचे डोंगर, सगळं दुसऱ्यासाठीच.

म्हणून एक सुचवतो. संकट आल्यावर ठरवायला बसलो की ज्याला त्याला आपलाच खर्च आवश्यक वाटतो. त्यापेक्षा जयंतीच्या बैठकीत आत्ताच ठराव लिहून ठेवू : दुष्काळ किंवा पूर आला तर रोषणाई, मिरवणुकीचा थाट, क्रीडास्पर्धा आधी थांबतील, नैवेद्य आणि अन्नदान चालू राहील, वाचलेली रक्कम आठ दिवसांत पोचती होईल, आणि तिची पावती फलकावर लागेल.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!