दहा लेकरांचा राखणदार

शास्त्रपाठ : 1 शमुवेल, अध्याय 3, वचने 1 ते 18



उन्हाळा लागला म्हणजे आमच्या विंचूर-लासलगाव बाजूच्या मंडळ्यांत दोन गोष्टी एकदम येऊन ठेपतात. एकीकडे शेतात उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते, आणि दुसरीकडे लोणावळा, पाचगणी अशा थंड हवेच्या ठिकाणी भरणाऱ्या मुलांच्या ख्रिस्ती शिबिरांची बोलावणी येतात. मुलांबरोबर मंडळीतील एखादा तरुण किंवा तरुणी गटनायक म्हणून जावी लागते. शिबिरवाले त्या माणसास कौन्सेलर म्हणतात. मुले डोंगरावर पोहोचण्याच्या काही दिवस आधी या गटनायकांस शिक्षणाकरिता वर बोलाविले जाते, आणि येथेच पुष्कळ आईबापे कुरकुर करतात. ते म्हणतात, “गाणी म्हणावयाची, खेळ खेळावयाचे, शेकोटीभोवती बसावयाचे, यास शिक्षण ते कसले? तेवढ्या दिवसांत चार वाफे कांदा निघाला असता.” या कुरकुरीचा विचार केलाच पाहिजे. कांदा हा आमच्याकडे वर्षाचा संसार आहे, आणि ज्याचा मुलगा ऐन काढणीत घरातून जातो त्यास त्याचे कारण विचारण्याचा हक्क आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की दहा माणसांवर एक नायक ही रीत शिबिरवाल्यांनी काढलेली नव्हे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा तळ देवाच्या डोंगराजवळ पडला असताना मोशेचा सासरा इथ्रो तेथे आला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा मोशे न्याय करीत बसला आहे, हे त्याने पाहिले आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. हजारांवरच्या नायकाचे नाव सगळ्या छावणीत गाजले असेल. दहांवरच्या नायकास मात्र आपल्या दहांपैकी कोण रात्री जेवला नाही एवढे ठाऊक असे. गटनायकाचे काम ते हे.

परंतु ते काम कसे करावे हे ज्यास पाहावयाचे आहे त्याने शिलो येथील मंदिरात एली याजकाजवळ जाऊन बसावे. हन्नाने आपले लेकरू दूध तुटताच त्याच्या हाती दिले होते. ती वर्षातून एकदा येई आणि त्याच्याकरिता एक लहानसा झगा शिवून आणी. दरवर्षी तो झगा थोडा मोठा करावा लागत असेल, आणि पोराचे माप न घेता केवळ अंदाजाने शिवावा लागत असेल! आपले मूल दुसऱ्याच्या हाती देऊन घरी परतणाऱ्या आईच्या मनात काय चालते हे त्या झग्यावरून समजावे. विंचूरहून मुलांची गाडी सुटते तेव्हा पिशवीत चिवड्याचा डबा कोंबणारी आई हन्नाचीच बहीण होय.

मग ती रात्र आली. देवाचा दिवा अजून विझला नव्हता. मुलास हाक ऐकू आली व तो धावत एलीकडे गेला. एली म्हातारा झालेला, दृष्टी मंदावलेली, झोप मोडलेली. तरी तो मुलावर खेकसला नाही. आपण बोलाविले नाही, जाऊन नीज, एवढेच म्हणाला. दुसऱ्यांदा तसेच झाले. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या ध्यानात आले की मुलास हाक मारणारा परमेश्वर आहे. येथे दुसरा एखादा पुढारी असता तर त्याने काय केले असते? मुलास जवळ बसवून घेतले असते, त्या हाकेचा अर्थ स्वतःच सांगितला असता, आणि उजाडल्यावर साऱ्या मंदिरात बातमी दिली असती की माझ्या हातून या पोरास दर्शन झाले. एलीने तसे काहीच केले नाही. उत्तर कसे द्यावे एवढे शिकवून त्याने मुलास त्याच्या जागी परत पाठविले आणि आपण अंधारात आपल्या अंथरुणावर राहिला. पुढचे बोलणे परमेश्वर व ते लेकरू यांच्यामधले होते.

आमच्या मते गटनायकाच्या शिक्षणातील अत्यंत अवघड पाठ हाच आहे. आमच्या तरुणांस बोलता येते. कित्येकांस चांगला उपदेशही करिता येतो. परंतु मुलाचे बोलणे पुरते होईपर्यंत गप्प राहता येते असे थोडे आहेत. शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी होतात, मने भरून येतात, आणि कोणी रडू लागले की दुसरेही रडतात. अशा वेळी मुलांस हात वर करावयास लावून त्यांची मोजदाद करणे सोपे आहे. आम्हांस ती मोजदाद आवडत नाही. दहा वर्षांचे मूल आपल्या गटनायकास खूष करण्याकरिताही हात वर करते. त्यास हळूच विचारावे की तुला काय वाटले, आणि ते जे सांगेल त्यात आपले शब्द घालू नयेत. तो केवळ थकलेला असेल, किंवा त्यास आईची आठवण झाली असेल. तसे असल्यास त्यास निजू द्यावे. परमेश्वराने शमुवेलास पुन्हा पुन्हा हाक मारली. एका रात्री एका मुलाने उत्तर दिले नाही म्हणून तो बोलावणे थांबवीत नाही.

हे मूल आईबापांचे आहे, हेही विसरू नये. या बाबतीत पंडिता रमाबाईंची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असावी. त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. तेथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, परंतु बाईंची प्रार्थना दार उघडे ठेवून चाले आणि काही मुली आपण होऊन जाऊन बसत. 1893 साली त्यावरून मोठा वाद झाला, सल्लागार मंडळातील गृहस्थांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपले दार लावून घेतले नाही याबद्दल आम्ही बाईंस दोष देत नाही. पालकांच्या काळजीस हसण्याचाही आम्हांस अधिकार नाही. आपल्या शिबिरास शेजारचे एखादे मूल आपल्या मुलाच्या मैत्रीने येते. तेथे काय शिकविले जाते हे त्याच्या आईबापांस आधी स्पष्ट सांगावे आणि त्यांची लेखी संमती घ्यावी. ती नसेल तर मुलास नेऊ नये. लपवाछपवीने नेलेल्या मुलास प्रभूचे प्रेम कोणत्या तोंडाने सांगणार?

रमाबाईंची दुसरी गोष्ट तर थेट डोंगरावरच्या शिबिराची आहे. 1896-97 च्या मोठ्या दुष्काळाच्या आधी लोणावळ्यास भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरसभेस त्या गेल्या होत्या. सदनातील 15 मुली त्यांच्याबरोबर होत्या. त्यांनी त्या 15 जणींबद्दल देवाचे आभार मानले आणि ही संख्या तितक्याच पटीने वाढावी, म्हणजे 225 व्हावी, अशी प्रार्थना केली. देवाने ती ऐकिली. परंतु कशी ऐकिली ते पाहा. मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आणि बाईंच्या पदरी ज्या शेकडो मुली आल्या त्या उपाशी, आजारी, अंगावर धड वस्त्र नसलेल्या अशा होत्या. केडगावास त्यांकरिता जागा करावी लागली, त्यांस न्हाऊ घालावे लागले, थोडे थोडे अन्न देऊन जगवावे लागले. रमाबाई स्वतः दुष्काळात आईबापांस मुकलेल्या होत्या, म्हणून त्यांस हे काम शिकवावे लागले नाही. आपल्या तरुणांस मात्र शिकवावे लागते. डोंगरावर मागितलेले लेकरू हाती येते तेव्हा त्याबरोबर त्याचा ताप, त्याचे ओले अंथरूण व त्याचे रडणेही येते.

ओल्या अंथरुणाचे नाव काढले म्हणून कोणी नाक मुरडू नये. घरापासून पहिल्यांदा दूर गेलेल्या मुलांत हे होतच असते. चांगला गटनायक इतर मुले उठण्याच्या आत चादर बदलतो आणि त्याविषयी पुन्हा अवाक्षर काढीत नाही. आमच्या दृष्टीने तो सेवक प्रार्थनासभेत उत्तम बोलणाऱ्याहून अधिक शिकलेला आहे. सकाळ, दुपार व रात्री मुले मोजावी. तलावात किंवा धरणाच्या पाण्यात मुलांस उतरू देऊ नये. वरून शांत दिसणारे पाणी दरवर्षी घात करिते. जोडे घालण्यापूर्वी झटकावे. विंचूरच्या माणसास विंचवाविषयी काय सांगावे! तरी सांगतोच : विंचू चावल्यास मंत्र उतरवीत न बसता मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मरण केवढे कमी करून दाखविले हे जगातील वैद्यांनी मान्य केले आहे. सापाच्या दंशावर चिरा देऊ नये, विष चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अंग हालू न देता सर्पविषावरील लस असेल त्या इस्पितळात पोहोचवावे. 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक प्रत्येकाच्या तोंडी असावा.

आता जे लिहावयाचे ते लिहिणे जड जाते, परंतु एलीचा पाठ अर्धाच वाचून चालणार नाही. ज्या मंदिरात शमुवेल निजत असे त्याच मंदिरात एलीचे पुत्र हफनी व फिनहास सेवा करीत होते. ते अर्पणाचे मांस बळाने घेत आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीस हे कळले होते. त्याने त्यांस शब्दाने रागे भरले. याजकपणावरून मात्र दूर केले नाही. घराण्याची अब्रू, मंदिराचे नाव, आपलेच पुत्र! त्या रात्री परमेश्वराने लहान शमुवेलास जो निरोप दिला तो गोड नव्हता. तो एलीच्या घराच्या न्यायाचा होता, आणि कारण हेच दिले होते की त्यास ठाऊक असून त्याने आवरले नाही.

म्हणून शिबिराच्या शिक्षणात आज काही कडक नियम शिकविले जातात. ते ऐकून आमच्या साध्या खेडवळ मनास प्रथम अपमान झाल्यासारखे वाटते. मोठ्या माणसाने बंद दाराआड एका मुलाजवळ एकटे असू नये. बोलावयाचे असल्यास इतरांच्या नजरेसमोर बोलावे. मुलींच्या निजण्याच्या जागी स्त्री-गटनायकच असावी. कोणा मुलाने विचारले की, “मी एक सांगतो, कुणाला सांगणार नाही ना?” तर तसे वचन देऊ नये. तुझ्या रक्षणाकरिता ज्यास सांगणे अवश्य आहे त्यास मी सांगेन, असे खरे उत्तर द्यावे. आणि मुलाने कोणी आपणांशी वाईट वागल्याचे सांगितले तर त्याची उलटतपासणी करू नये, प्रार्थनेत त्याचा उच्चार करू नये; मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे व पोलिसांस कळवावे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाविषयी हे कळविणे बंधनकारक आहे, न कळविणारा शिक्षेस पात्र होतो. मुलांच्या मदतीकरिता 1098 हा क्रमांकही आहे. आरोप ज्यावर आहे तो पाळक असो, उपदेशक असो, की मंडळीस देणगी देणारा असो. “आपल्या लोकांची बदनामी होईल, बाहेरचे हसतील,” असे म्हणणारे वडीलधारे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांस आम्ही नम्रपणे विचारितो की हफनीचे नाव झाकून एलीने मंदिराची अब्रू राखिली काय? तो कोश शत्रूंच्या हाती गेला, आणि ते ऐकून म्हातारा आसनावरून मागे पडून मेला.

तरीही एलीविषयी एक चांगली गोष्ट सांगावयाची राहिली. सकाळी शमुवेलाने नेहमीप्रमाणे मंदिराची दारे उघडिली. निरोप सांगावयास तो भीत होता. एलीने त्यास “माझ्या मुला” म्हणून हाक मारली आणि काही लपवू नकोस असे सांगितले. मूल आपल्याविरुद्ध बोलणार हे त्याने ओळखले असेल, तरी त्याने त्याचे तोंड बंद केले नाही. शमुवेलाने सर्व सांगितले, आणि एलीने ते परमेश्वराचे म्हणून मान्य केले. ज्या मंडळीत लेकराला वडिलांविरुद्ध खरे बोलता येते आणि ते बोलल्यावरही त्यास “माझ्या मुला” म्हणणारे कोणी असते, त्या मंडळीतले मूल खुशाल डोंगरावर पाठवावे.

राहिला कांद्याचा प्रश्न. ज्या घरचा तरुण शिक्षणास जाईल त्या घरचे काम अडते, आणि ते त्या एकट्या घराने सोसावे हे न्याय्य नाही. मुले तर सगळ्या मंडळीची जातात. यास्तव निफाड तालुक्यातील आमच्या उपदेशकांस विनंती अशी की पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीस थांबवून घ्यावे. यंदा कोण जाणार ते ठरवावे, त्याच्या स्वभावाविषयी व पूर्वीच्या वागणुकीविषयी दोन जाणत्या माणसांनी मोकळेपणी विचारपूस करावी, आणि मग त्याच्या शेतातील काढणीस कोणकोणती घरे किती दिवस येतील व चाळ कोण भरून देईल हे नावानिशी वहीत लिहून घ्यावे. त्याच्या गाडीभाड्याकरिता त्या दिवशीचे अर्पण ठेवावे. तरुणी जाणार असेल तर तिच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचे पाणी कोण भरील, भाकरी कोण थापील हेही त्याच वहीत लिहावे, कारण ते काम बहुधा कोणाच्या मोजण्यात येत नाही.