लोहचुंबक आणि खिन्न मन



गेल्या पेरणीच्या दिवसांत एका खेड्यांतील मंडळीचे एक वडील आमच्याकडे आले. त्यांच्या सुनेचें मन वर्षभर खचून गेलें होतें. ती जेवत नसे, रात्र रात्र जागत असे, आणि आपला घराला भार झाला आहे असें म्हणत असे. दोन प्रकारच्या गोळ्यांनीं गुण आला नव्हता, म्हणून शहरांतील डॉक्टरांनीं चुंबकाचा उपचार सुचविला होता. वडिलांनीं विचारिलें, "पाळकसाहेब, चुंबक लावून आलेला आनंद खरा कसा म्हणावा? आणि प्रार्थना करणाऱ्यानें यंत्राकडे जावें, हा अविश्वास नव्हे काय?" हा प्रश्न इतरांच्याही मनांत येत असेल, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

प्रथम हा उपचार काय आहे तें पाहूं. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं असें दाखविलें कीं, चुंबकाचें बळ बदलत राहिलें म्हणजे जवळच्या तारेंत वीज उत्पन्न होते. फॅरडे हे लोहाराचे पुत्र असून लंडनमधील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील होते. त्याच नियमाच्या आधारें १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं कवटी न उघडतां मेंदूला चेतना देऊन दाखविली. तारेचें वेटोळें डोक्याला टेकवितात. त्यांतून निघणारें बदलतें चुंबकबळ कवटींतून आंत जातें आणि तेथील मज्जापेशींत सूक्ष्म वीज उत्पन्न करितें. खिन्नतेच्या रोगांत बहुधा डाव्या बाजूच्या पुढील भागाला हा उपचार देतात. औषधानें गुण न आलेल्या रोग्यांसाठीं अमेरिकेंत २००८ सालीं त्यास मान्यता मिळाली.

रोगी जागा असतो व खुर्चीवर बसतो. भूल द्यावी लागत नाहीं. आठवड्यांतून पांच दिवस, असें चार ते सहा आठवडे जावें लागतें. टकटक आवाज होतो, कधीं डोकें दुखतें, आणि क्वचित् फेंफरें येतें. डोक्यांत धातूचा तुकडा असेल तर हा उपचार बहुधा वर्ज्य होय. सर्वांनाच गुण येतो असेंही नाहीं. जत्रेंत विकावयास येणाऱ्या चुंबकाच्या कड्यांशीं मात्र याचा कांहीं एक संबंध नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आनंद खरा कीं खोटा, हें तो कोणत्या साधनानें आला यावरून ठरत नाहीं. गाळानें भरलेला पाट शेतकरी कुदळीनें मोकळा करितो. म्हणून पाणी कुदळीचें होतें काय? उपचारानें आपल्या लेंकराचें हंसणें पाहून आईचें मन पुन्हां हलूं लागलें, तर तें प्रेम चुंबकानें घातलेलें नव्हे. तें तिचेंच होतें. रोगानें तें कोंडून ठेविलें होतें.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक दुःख यंत्रानें पुसून टाकावें काय? नाहीं. पति गेला म्हणून विधवा रडते, तें तिच्या प्रीतीचेंच चिन्ह आहे. तेथें शेजारीं बसून रडणारें माणूस पाहिजे. कर्जानें वांकलेल्याचें कर्ज चुंबकानें फिटत नाहीं. पुष्कळदां दुःख व रोग दोन्ही एकाच घरांत राहतात. तेथें रोग डॉक्टरांनीं पाहावा व ओझें मंडळीनें वाहावें; एकानें दुसऱ्याचें काम टाळूं नये.

आणि अविश्वासाविषयीं म्हणाल, तर एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. तो झुडुपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्यास दोष दिला नाहीं. आधीं झोंप, भाकर व पाणी मिळालें. पुढील कामाची आज्ञा मागाहून झाली. देहाच्या दुर्बळतेला देवानें अविश्वास म्हटलें नाहीं, मग आम्ही कोण म्हणणारे? पाय मोडलेल्यास आम्ही हाड बसविणाऱ्याकडे नेतों. मग मन मोडलेल्यास "तुझा विश्वास कमी" असें सांगणें हा आमचाच अपराध होय.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, असें माणूस दिसतांच प्रथम त्याचें ऐकून घ्या. जीव द्यावासा वाटतो असें तो म्हणाला, तर त्यास एकटें सोडूं नका व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठींतही बोलते.

त्या सुनेचा उपचाराचा तिसरा आठवडा चालू आहे. ती शहरांत नातलगांकडे राहते. तिचीं मुलें मंडळींतील दोन घरें सांभाळीत आहेत. ती बरी झाली असें आम्ही अजून म्हणत नाहीं. परंतु परवां तिनें आपण होऊन भाकर मागितली, असें वडिलांनीं कळविलें आहे. त्या भाकरीबद्दल आम्हीं देवाचे आभार मानिले, आणि डॉक्टरांचेही.