माहीत नाही, असं सांगताना

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखती दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाऊसमध्ये होतात. नागरी सेवा परीक्षेच्या एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीला २७५. पण मुलांची झोप उडते ती याच २७५ गुणांपायी! खरं तर ज्ञानाची परीक्षा लेखीत होऊन गेलेली असते. इथं पारखायचं असतं ते व्यक्तिमत्त्व, असं आयोगच सांगतो. अर्जात ‘वाचन’ हा छंद लिहिलात, तर अलीकडे काय वाचलंत हे विचारलं जाणारच. गाव लिहिलंत, तर तिथलं पाणी, पीक, शाळा यांवरही बोलावं लागेल. प्रश्न पुरता ऐकावा, क्षणभर थांबावं. उत्तर येत नसेल, तर “माफ करा, मला हे माहीत नाही” असं शांतपणे सांगावं. ओढूनताणून रचलेलं उत्तर समोरच्या जाणत्या मंडळींना लगेच कळतं आणि पुढचा प्रश्न नेमका तिथूनच निघतो. मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल, तर मुलाखतही मराठीतून देता येते, हेही फार मोलाचं आहे.

तुमच्या घरातलं कुणी मुलाखतीच्या तयारीत असेल, तर त्याला आज पाठ केलेली उत्तरं म्हणायला लावू नका. त्याच्याशी त्याच्या गावाबद्दल थोडा वेळ मनापासून बोला.