लगाम कुणाच्या हातात?

आजचं चिंतन : कठोपनिषद, अध्याय १, वल्ली ३



यमराज नचिकेताला रथाचं रूपक सांगतात. शरीर म्हणजे रथ, आत्मा त्यात बसलेला रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. लगाम ढिला पडला की घोडे सारथ्याचं ऐकत नाहीत.

हे वाचताना मला आपल्या गाड्यांमधला तो मोठा स्क्रीन आठवला. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. मेसेज बघायला तीनच सेकंद लागले, तरी जवळजवळ ५० मीटर रस्ता आपण न बघता कापलेला असतो. तेवढ्यात कुणाचं तरी लेकरू रस्ता ओलांडत असेल तर?

"मी ब्लूटूथवर बोलतो, हात स्टिअरिंगवरच असतात," असं पुष्कळ जण म्हणतात. हात असतात हो, पण मन कुठे असतं? ते ऑफिसातल्या वादात अडकलेलं असतं. मग डोळे उघडे असूनही समोरचं दिसत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६७) भगवंत हेच सांगतात : वारा नावेला भरकटवतो, तसं मन ज्या इंद्रियामागे धावतं ते एकटंच बुद्धीला ओढून नेतं.

हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं. पण कायद्याला फक्त हात दिसतो. मन कुठे आहे, ते अंतर्यामीच जाणतो.

आणि आपण भक्त मंडळी! चालत्या गाडीत अभंग बदलायला स्क्रीनकडे वळलेली नजरसुद्धा रस्त्यावरून हटलेलीच असते. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने पंढरीला चाललेला वारकरी त्याच विठ्ठलाचं रूप आहे ना? त्याला सुखरूप जाऊ देणं हीसुद्धा पूजाच.

आजचा संकल्प साधा आहे. नकाशा आणि भजनं गाडी सुरू करण्याआधीच लावायची. फोन सायलेंट करून मागच्या सीटवर ठेवायचा. आणि आपण फोन केला तेव्हा समोरचा गाडी चालवतोय असं कळलं, तर लगेच ठेवायचा. मी एवढंच म्हणते, "पोचलास की कर, घाई नाही."

पांडुरंगा, निदान घरी पोचेपर्यंत तरी मनाचा लगाम सुटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!