वाक्याचं शेपूट

अभिनयाच्या कार्यशाळांचं सध्या पेव फुटलं आहे. दहा दिवसांत कॅमेऱ्याची भीती घालवू, आतल्या भावना मोकळ्या करू, ऑडिशनची तयारी करून घेऊ, अशी आश्वासनं जाहिरातींतून मिळतात. बोलायला शिकवू, असं मात्र कुणी म्हणत नाही. बोलता तर सगळ्यांनाच येतं!

पंडित सत्यदेव दुबे यांना हे मान्य नव्हतं. १९३६ साली बिलासपूरला जन्मलेला हा माणूस मुंबईत आला तो क्रिकेटपटू व्हायला, आणि इब्राहिम अल्काझी यांच्या थिएटर युनिटमध्ये रमला. १९६२ मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं घ्यायला दिल्लीला गेले आणि मुंबईतल्या कामाची धुरा दुबेंवर आली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी नाटकं बसवली आणि नट घडवले. अमरीश पुरी, सुनील शानबाग, चेतन दातार, किशोर कदम, सोनाली कुलकर्णी ही त्यांतली काही नावं. पुरी तर वयाने त्यांच्यापेक्षा थोरले. सरकारी विमा कार्यालयातली नोकरी सांभाळून ते या धाकट्या गुरूकडे शिकले.

दुबेंच्या शिकवण्याचा पाया होता भाषा. आधी संहिता पाठ हवी, उच्चार स्वच्छ हवेत, श्वास पुरायला हवा; भावनेचं नंतर बघू. वरवर हे जुन्या पंतोजींचं घोकंपट्टीचं तंत्र वाटेल. पण एक साधं वाक्य घ्या : ‘मी तुला विसरलो नाही.’ मराठीत काय, हिंदीत काय, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि मराठीतला नकार बहुधा त्याच्याही मागे. नेमका तिथेच कच्च्या नटाचा श्वास संपतो. ‘नाही’ तो गिळून टाकतो आणि दहाव्या रांगेतल्या माणसाला ऐकू येतं, ‘मी तुला विसरलो.’ नटाच्या डोळ्यांत खरं पाणी असलं, तरी अर्थाचं वाटोळं झालेलं असतं. ही चूक भावनेची नव्हे, फुप्फुसांची आहे. आणि ती रोज तासभर मोठ्याने वाचूनच सुटते. नेटमध्ये घाम गाळल्याशिवाय मैदानात धावा होत नाहीत, हे क्रिकेटवेड्या माणसाला निराळं सांगायला नको.

मोहन राकेश यांच्या ‘आधे अधूरे’मध्ये पाच पुरुष एकाच नटाने उभे करावेत, असा लेखकाचाच संकेत आहे. दुबेंच्या प्रयोगात ते काम पुरींनी केलं. कपडे बदलून फार तर माणूस बदलल्याचं कळतं. त्याचा स्वभाव कळतो तो बोलण्याच्या लयीतून. कमावलेल्या आवाजाचा कस अशा ठिकाणी लागतो.

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. गुरूचा कान इतका तीक्ष्ण असला की शिष्याच्या तोंडी गुरूचीच ढब बसते आणि ती पुसायला वर्षं जातात. दुबेंचा संतापही प्रसिद्ध होता. त्या संतापालाच शिस्त समजून त्याची नक्कल करणाऱ्यांनी दुबेंकडून काहीच घेतलं नाही, असं मला वाटतं. ओरडणं कुणालाही जमतं. विद्यार्थ्याने गिळलेला शब्द दरवेळी ऐकू येणं आणि तो पुन्हा म्हणून घेण्याचा कंटाळा न येणं, हे दुर्मीळ आहे.

छातीवर माइक लावून अभिनय करण्याच्या दिवसांत एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारील. माइक आवाज मोठा करतो. न उच्चारलेला शब्द तो कुठून आणणार?

२०११ साली दुबेंना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ते गेले. कार्यशाळेची फी भरण्याआधी मुलामुलींनी एवढंच विचारावं : इथे रोज किती वेळ मोठ्याने वाचून घेतात? उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर पैसे खिशातच ठेवावेत.