नावाचा फेरफार

आठवण येते, स्मरण करावे लागते. या दोन शब्दांतला फरक मला ठाऊक होता, पण त्याचे वजन कळले ते एका संध्याकाळी, संगणकावरच्या माझ्या टिपणवहीत एका टिपणाचे नाव बदलल्यावर.

मी टिपणे ऑब्सिडियनमध्ये ठेवतो. तिथले प्रत्येक टिपण म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. एकातून दुसऱ्याकडे जायचे तर त्याचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहायचे. कंस पडला की नावाची वाट होते. ‘आठवण’ हे त्यांतले एक जुने टिपण. आजीबद्दल सुचेल ते त्यात टाकत गेलो होतो. पुढे नामस्मरण, पाठांतर, श्राद्ध यांविषयी वाचलेले-सुचलेलेही तिथेच साचले आणि टिपणाचा स्वभाव पालटला. म्हणून ते ‘कुटुंब’ या फोल्डरमधून ‘चिंतन’मध्ये हलवले आणि त्याचे नाव ठेवले ‘स्मरण’.

हलवल्याने काही बिघडले नाही. दुव्याला नाव ठाऊक होते, कप्प्याशी त्याला देणेघेणे नव्हते. गावात त्या नावाचा एकच माणूस असला की त्याने बिऱ्हाड कुठेही हलवावे, विचारत येणारा पोचतोच. नाव बदलले तेव्हाही प्रणालीने तत्परता दाखवली. 41 ठिकाणचे दुवे क्षणात दुरुस्त केले. हेच मी बाहेरून, फाइलींच्या खिडकीतून केले असते तर ते सगळे आंधळे झाले असते.

मग जुनी पाने उघडली. ‘पाऊस पडला की ही स्मरण येते.’ स्त्रीलिंगी आठवणीच्या जागी नपुंसकलिंगी स्मरण येऊन बसले होते आणि ‘ही’ बिचारी तशीच उभी. मराठीत नाम वाक्यात एकटे येत नाही. त्याच्या लिंगाप्रमाणे सर्वनाम, विशेषण, क्रियापद झुकते. विभक्ती लागली की त्याचे स्वतःचे रूपही बदलते. त्यामुळे ‘आठवणीत’, ‘आठवणींना’ असे लिहायचे होते तिथे कंसात उभी रेघ मारून मी डावीकडे टिपणाचे नाव आणि उजवीकडे वाक्याला हवे ते रूप दिले होते. यंत्राने डावी बाजू बदलली, उजवी सोडली. तिथे डोळ्यांना ‘आठवणीत’ दिसे आणि पाऊल पडे ‘स्मरण’मध्ये.

व्याकरण सुधारता आले असते. खटकले ते वेगळेच. त्या पावसात आजी मला न बोलावता भेटली होती. नव्या वाक्यात मी तिचे मुद्दाम स्मरण करत होतो. दुवा शाबूत होता, साक्ष बदलली होती. तुटलेला दुवा निदान ओरडून सांगतो की इथे काही होते. दुरुस्त झालेला दुवा गप्प बसतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान (1927–1998) यांच्या लाकडी खणांतल्या सुमारे 90,000 चिठ्ठ्यांवर हा प्रसंग आला नाही. त्यांनी चिठ्ठीची ओळख आकड्यावर ठेवली होती. 21 आणि 22 यांच्या मध्ये काही सुचले तर 21ए. त्यालाही फाटा फुटला तर 21ए1. एकदा पडलेला आकडा आणि मिळालेली जागा कायमची. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही 1998 मध्ये हेच बजावले होते: पानाच्या पत्त्यात विषय, लेखक, मसुद्याची अवस्था असे काही घालू नका, कारण ते बदलते. शहाणपणाचा सल्ला आहे, पण तो फुकट मिळत नाही. आकड्याकडे पाहून आत काय आहे ते कळत नाही. लूमाननाही वेगळी शब्दसूची ठेवावी लागली. नाव काहीतरी सांगते म्हणून शिळे होते. आकडा काहीच सांगत नाही म्हणून टिकतो.

जमिनीच्या दप्तराने हा पेच फार पूर्वी ओळखला आहे. गट नंबर तोच राहतो, धारकांची नावे बदलत जातात. हस्तलिखित सातबाऱ्यावर गेलेल्याचे नाव पुसत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहीत. त्या क्रमांकावरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफारांची वही, उघडली की नाव कधी बदलले, वारसाने की खरेदीने, ते सापडते. माझ्या टिपणवहीत कंसाने नाव जिवंत होते. सातबाऱ्यावर कंसाने ते निवृत्त होई, पण नाहीसे होत नसे. शिवाय नोंद लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. माझ्या 41 वाक्यांना नोटीस कोणी दिली होती?

जुने नाव परत आणले. ‘स्मरण’ हे वेगळे टिपण काढून नंतरचे परिच्छेद तिकडे नेले आणि दोन्हीकडे तारीख व कारण लिहिले. मग एकेका वाक्यासमोर बसून विचारत गेलो, तू कोणाकडे? बहुतेक जुन्या घरी राहिली. पाठांतराविषयीची नव्या घरी गेली.

एक अडले. आजीच्या दहाव्याला लिहिलेले. घाटावर कावळा शिवत नव्हता, आणि तिचे काय राहून गेले असेल ते आम्ही सगळे मुद्दाम आठवत उभे होतो. कोणी नातवाच्या लग्नाचे वचन दिले, कोणी घराच्या वाटणीचे. माझ्या मनात मात्र आपण होऊन आला तो तिचा चष्मा, दुरुस्तीला टाकलेला आणि दुकानातून आणायचा राहिलेला.

ही आठवण की हे स्मरण? त्या वाक्याची नोंद अजून प्रमाणित व्हायची आहे.