मोहरीची भावकी

मंडईतल्या टोपलीकडे पाहून मुळा, नवलकोल, कोबी, अळीव आणि फोडणीतली मोहरी ही एकाच कुळातली मंडळी आहेत, असं कुणालाही वाटणार नाही. मुळ्याचं मूळ खायचं, नवलकोलाचं फुगलेलं खोड, अळिवाचं बी. कोबीचा गड्डा म्हणजे शेंड्याची न उलगडलेली, अवाढव्य कळी; फ्लॉवर म्हणजे फुलायच्या आधीच अडून बसलेला फुलोरा. त्यातही कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली यांची जातीही एकच, ब्रासिका ओलरेशिया. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बी निवडून एकाच झाडाचं कुठे खोड फुगवलं, कुठे पानं.

म्हणजे माणसाने ज्या भागावर हात फिरवला, त्या भागावरून नातं ओळखता येत नाही. नातं शोधायचं ते ज्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे. वाफ्यातला मुळा न उपटता फुलावर येऊ द्यावा, कोबीही तसाच ठेवावा. कोबीचं फूल पिवळं, मुळ्याचं पांढरं किंवा जांभळट, पण घडण तीच: चार निदलं, समोरासमोर फुलीसारख्या मांडलेल्या चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर. या सहांपैकी बाहेरचे दोन आखूड आणि आतले चार लांब. 1735 साली लिनीअसने पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले, तेव्हा या ‘चार लांब, दोन आखूड’वाल्यांना त्याने स्वतंत्र वर्ग दिला. लांब शेंगांची झाडं आणि आखूड शेंगांची झाडं असे त्याचे दोन भागही केले. तो वर्ग बराचसा खरा ठरला. शेंगेच्या लांबीवर केलेले भाग मात्र टिकले नाहीत, कारण आखूड शेंग या कुळात वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा आलेली आहे.

मला स्वतःला फुलापेक्षा शेंग अधिक बोलकी वाटते. वाटाण्याची शेंग उघडली की आत एकच पोकळी असते आणि दाणे एका कडेला लागलेले असतात. मोहरीची शेंग दोन दलांची, आणि मधोमध एक पातळ पडदा. वाळल्यावर दोन्ही झडपा खालून वर सुटत जातात, मोहऱ्या सांडतात, आणि दांड्यावर कडेची चौकट व तीत ताणलेला अर्धपारदर्शक पडदा तेवढा उरतो. अळिवाच्या चपट्या, नखाएवढ्याही नसलेल्या शेंगेत हीच रचना आहे. डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, तेवढ्या हट्टी. त्या वाळल्या तरी उकलत नाहीत.

फूल आणि शेंग यांच्या जोडीला तिसरी खूण आहे, तिखटपणा. अख्ख्या कोरड्या मोहरीला वास नसतो. तिच्या पेशींत गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेटं एकीकडे आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे विकर दुसरीकडे, असे वेगळे ठेवलेले असतात. लोणच्यासाठी मोहरी पाण्यात फेसली की दोन्ही एकत्र येतात आणि झणका थेट नाकात जातो. फोडणीत तेल इतकं तापलेलं असतं की विकर आधीच निकामी होतं, म्हणून तिथली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. मूळ हेतू अर्थातच किडींना पळवण्याचा. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मात्र याच द्रव्यांच्या खुणेने झाड शोधून अंडी घालतो, आणि जवळजवळ याच कुळावर जगतो. हे कूळ त्याने लिनीअसच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

या तिखटपणाचा माग कुळाच्या कुंपणाबाहेरही जातो. पपईचं बी चावलं तर अळिवासारखं झोंबतं, कारण दोन्हींत तयार होणारं द्रव्य एकच आहे. शेवग्यातही ग्लुकोसिनोलेटं आहेत. शेवग्याच्या फुलाला पाच पाकळ्या आणि शेंगेला तीन झडपा. पपईची नर-मादी झाडं सहसा वेगळी. फूल पाहून यांना मोहरीशेजारी बसवायचं धाडस कोण करणार? रोल्फ डालग्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1975 मध्ये रसायनाच्या आधारावर अशी बरीच विखुरलेली कुळं एका गणात आणली. पुढे डीएनएच्या पुराव्याने त्याचा मुख्य अंदाज खरा ठरवला, आणि आज पपई व शेवगा मोहरीच्याच गणात आहेत.

मग तिखटपणा हीच अंतिम कसोटी मानावी का? इथे पुत्रंजीव आडवा येतो. ज्याच्या बियांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालत, तोच हा वृक्ष. त्यातही ग्लुकोसिनोलेटं सापडतात, म्हणून निव्वळ रसायनावर गेलं तर तोही मोहरीच्या गणात बसायला हवा. जनुकांनी मात्र वेगळा निवाडा दिला. पुत्रंजीवाची शाखा फार दूरची, एरंडाच्या बाजूची निघाली. हे रसायन वनस्पतींनी दोनदा, स्वतंत्रपणे साधलेलं आहे. आणि पुत्रंजीवाचं फूल आधीपासून तेच सांगत होतं: नर-मादी झाडं वेगळी, पाकळ्या मुळीच नाहीत, आणि फळ म्हणजे एका बीची कठीण आठळी, ना झडपा, ना पडदा.